कानबाईची वाट

आमच्या घरामागचा नाला शहाद्याची घाण घेऊन गोमाई नदीत जातो. आई लग्न होऊन आली तेव्हा त्यात तळ दिसायचा. कानबाई, म्हणजे नारळाला नथ घालून मांडलेली आमची देवी, श्रावणात चौरंगावर बसवून बायका डोक्यावर घेत आणि नाचत तिथंच विसर्जनाला नेत. पुढं पाणी इतकं नासलं की तिला टेम्पोनं प्रकाशा गावाला, तापीवर न्यावं लागायचं. आईच्या गुडघ्यांना टेम्पोत चढणं झेपेना. मरायच्या आधी एकदा कानबाई पायी न्यायची, एवढंच तिचं मागणं होतं.

मी लोणखेड्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. हट्टालाच पेटले. वैशाखात नाल्यात खडीचे वाफे करून पाणकणीस आणि कर्दळ लावली. त्यांच्या मुळांशी घाण अडते आणि तिथले जिवाणू ती खातात. हे मी नगरपालिकेत सांगितलं, विद्यार्थ्यांना सांगितलं, शुद्ध मराठीत कागदावर लिहून दिलं. घरात आईला मात्र नुसतं म्हटलं, बघ, तुझी कानबाई पायी जाईल.

पहिल्या पुरातही रोपं तगली. कानबाई बसायच्या आदल्या दिवशी कॉलेजातून आले, तर नाला बोडका. आई आणि गल्लीतल्या बायका चिखलात उभ्या, काठावर मुळांसकट उपटलेल्या रोपांचा ढीग. देवीची वाट बायकांनी हातानं साफ करायची, ही आमच्या गल्लीची रीत. आई घामानं निथळत हसली.

"पाय ठेवाले जागा नव्हती, पोर. बठ्ठं गवत उपटी टाकं."

सगळं गवत! मी सगळ्यांदेखत तिला अडाणी म्हटलं. आणखीही बरंच बोलले, ते आता लिहवत नाही. रविवारी बसलेल्या कानबाईला सोमवारी तिनं अंगणात, टपातल्या पाण्यात निरोप दिला.

चिखलात राहिलेल्या मुळांतून पाणकणीस पुन्हा फुटलं, कर्दळ मी नव्यानं लावली. पुढच्या श्रावणापर्यंत वास गेला, काठाशी तळ दिसू लागला. आईला म्हटलं, चल, यंदा पायी नेऊ.

"नको. मन्हा पायखाले तुन्हं परत काही मोडाई जाई."

खूप विनवलं, ती उंबऱ्याबाहेर आली नाही. फाल्गुनात गेली.

या श्रावणात चौरंग माझ्या डोक्यावर होता. रोपं चुकवत बायकांनी मला पाण्यापर्यंत नेलं. पाणी स्वच्छ होतं, आणि मला त्याचा राग येत होता.