वेंग काकांचा पडता कॅट

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी च्येन शू-चिन दोन कामं एकदम करत होती. मिनश्युंगच्या बाजारातल्या तिच्या चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होतं, आणि काउंटरखाली ठेवलेल्या टॅबलेटवर ती पानं इकडून तिकडे सरकवत होती. "शेवटची ओळ परत वाचा," असं तिने त्या माणसाला दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी त्याने पहिल्यापेक्षा बरी वाचली होती, हे तिच्या लक्षात आलं नाही.

बारा वाजता 'नऊ वेशी' या पडद्यावर खेळायच्या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धेत च्याई विभागातल्या संघांच्या मांडण्या बंद होणार होत्या. एकदा बंद झालेली मांडणी रविवारचे सगळे सामने संपेपर्यंत बदलता येत नाही.

संघ तिघांचा. प्रत्येकाकडे तीस पानांचा कॅट. एक पान तिघांपैकी एकाच्याच कॅटमध्ये असू शकतं. पहिला भिडू समोरच्या पहिल्याशी खेळतो, दुसरा दुसऱ्याशी, तिसरा तिसऱ्याशी, आणि तीनपैकी दोन डाव घेतले की सामना जिंकला. त्यामुळे मांडणी करणारा माणूस चांगली पानं तिघांत सारखी वाटत नाही. तो दोन कॅट भक्कम बांधतो आणि उरल्यासुरल्यातून तिसरा उभा करतो. या तिसऱ्याला इथे पडता कॅट म्हणतात. तो समोरच्या संघाच्या सगळ्यात जबर भिडूपुढे टाकायचा, म्हणजे त्याचा जोर वाया जातो. सुमार घोडा समोरच्याच्या उत्तम घोड्यापुढे सोडायची जुनी गोष्ट इथल्या प्रत्येकाने शाळेत वाचलेली असते.

बहुतेक संघांचा जबर भिडू पहिल्या खुर्चीवर बसतो. म्हणून पडता कॅट पहिल्या खुर्चीवर. आणि पहिल्या खुर्चीवर कोण, याचा विचारच करायचा नव्हता. संघात वेंग थ्येन-फू असताना शू-चिन किंवा यी-जू त्यांच्याआधी बसणं शक्य नव्हतं. वेंग काका डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या बसचे निवृत्त ड्रायव्हर, आणि यी-जू जिल्हा रुग्णालयातली परिचारिका, काकांच्या मुलीहून लहान.

अडचण नावाड्याची होती. नावाडी हे काकांचं पान. खेळायला लागल्यापासून त्यांचा प्रत्येक कॅट नावाड्याभोवती बांधलेला. पण या हंगामात तेच पान यी-जूच्या कॅटमध्ये दुप्पट काम करत होतं. काका महिनाअखेरीला मुलाकडे ताओयुआनला कायमचे राहायला जाणार होते, आणि तिन्ही भिडू एकाच जिल्ह्यातले हवेत असा नियम आहे. हा संघ दोन वर्षं तैपेईच्या अंतिम फेरीच्या दारातून परत आला होता. काकांना घेऊन तैपेईला जायची ही शेवटची संधी होती.

गिऱ्हाईक चष्म्याची चौकट निवडायला लागलं तेव्हा तिने फोन लावला.

"काका, नावाडी यी-जूला देतेय."

"बरं." पलीकडे भाजीवाल्याचा भोंगा वाजत होता. "मग मला काय ठेवलंयस?"

"तटबंदी, पहारेकरी, दलदल."

"म्हणजे भिंतीच भिंती. मारायला?"

"मारायला काही नाही."

"लिंबूटिंबू केलंस म्हण की मला."

"तसं नाही हो काका. तुमच्यासमोर त्यांचा सगळ्यात भारी माणूस येणार. तुम्ही हरलात तरी चालणारे."

"हरून तैपेईला पोचणार असू तर हरतो मी. गाडी उलटी चालवली काय नि सुलटी, डेपोत लागली म्हणजे झालं." मग ते म्हणाले, "नावाड्याला जपून खेळ म्हणावं तिला. घाईत उतरवते ती."

बाराला दहा मिनिटं असताना शू-चिनने काकांचा कॅट पुन्हा उघडला. नुसत्या भिंती. डावाच्या मध्यावर हातात एखादंच पान उरणार आणि काका दिवसभर पडद्याकडे बघत बसणार. तिला ते बरं वाटेना. तिने दोन तटबंद्या काढल्या आणि दोन निरोपे घातले. निरोप्या मैदानात उतरला की आपल्या कॅटमधली दोन पानं लगेच हातात येतात. काकांना काहीतरी करायला राहील, एवढाच तिचा विचार होता. प्रत्येक खेळीला कॅटमधलं एक पान ओढावंच लागतं, आणि कॅट संपून ओढायला पान उरलं नाही की डाव गेला, असाही एक नियम आहे. पण इतका लांब डाव कोणी खेळत नाही, म्हणून तो कोणाच्या डोक्यात नसतो. तिच्याही नव्हता.

बारा वाजता मांडणी बंद झाली.

रविवारचे सामने च्याईत एका संगणकाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होते. काकांनी टेबलावर आधी मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवली. यंत्रं नीट चालावीत म्हणून ही पुडी इथे कारखान्यापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे ठेवतात.

"काका, तारीख बघितलीत ना?" यी-जू रात्रपाळी संपवून थेट आली होती. "आमच्या वॉर्डात मुदत संपलेली ठेवली, तर तीन दिवस प्रिंटर रुसला होता."

"कालच घेतलीये. तू तुझ्या डोळ्यांची तारीख बघ, मिटायला आलेत."

पहिले तीन सामने हिशेबाबरहुकूम झाले. काका तिन्ही डाव हरले, दोघी जिंकल्या. प्रत्येक वेळी काका उठून समोरच्याला वाकून नमस्कार करत आणि म्हणत, "मी हरलो आणि पुढे चाललो. तुम्ही जिंकलात, पण घरी निघालात."

शेवटचा सामना तौलिऊच्या संघाशी. जो जिंकेल तो तैपेईला. भिंतीवरच्या पडद्यावर नावं आली आणि शू-चिनने पहिल्या ओळीकडे बघितलं. तौलिऊच्या पहिल्या खुर्चीवर ग्वो आजी होत्या. धूपकांड्यांचं दुकान चालवणाऱ्या, सत्तरीच्या. दिवसभरातले तिन्ही डाव त्याही हरल्या होत्या. त्यांच्या संघातल्या पोरांनीही घोड्यांची तीच गोष्ट वाचली होती, आणि त्यांच्याही संघात वडीलधाऱ्या माणसाच्या आधी बसायची कोणाची छाती नव्हती.

पडत्यासमोर पडता आला होता.

यी-जूने नावाडी जपून ठेवला आणि वेळेवर उतरवला. ती जिंकली. शू-चिनसमोर त्यांचा जबर भिडू निघाला. ती हरली. दोघी काकांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. अख्ख्या हॉलमध्ये एवढाच डाव चालू होता.

"तुमच्याकडे मारायला काही आहे का हो?" ग्वो आजींनी टेबलावरून विचारलं.

"एक दगडसुद्धा नाही. तुमच्याकडे?"

"मलाही भिंतीच दिल्यात मेल्यांनी."

लोक हसले. काका हसले नाहीत. ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत होते. कॅटमध्ये किती पानं उरली ते तिथे दिसतं. एक निरोप्या त्यांनी सुरुवातीलाच उतरवला होता, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून. दुसरा हातात होता. तो त्यांनी शेवटपर्यंत हलवला नाही. आजींकडे पान ओढणारं एकही पान नव्हतं. पहिली खेळी आजींची होती, त्यामुळे निरोप्या उतरला नसता तर पानं आधी त्यांचीच संपली असती. एका टप्प्यावर हॉलमधल्या सगळ्यांना हे कळलं, आणि मग करण्यासारखं कोणाकडेच काही उरलं नाही. दोघं आळीपाळीने एकेक पान ओढत राहिले. काकांचा कॅट संपला तेव्हा आजींकडे दोन पानं होती. डाव आणि सामना तौलिऊचा झाला.

आजींनी उठून दोन्ही हातांनी काकांचा हात धरला. काकांनी वाकून नमस्कार केला. मग त्यांनी टेबलावरची हिरवी पुडी उचलली.

जिन्यात शू-चिन म्हणाली, "निरोपे मी घातले होते. शेवटच्या दहा मिनिटांत."

"कशाला?"

"तुमचा हात रिकामा राहू नये म्हणून."

काका दोन पायऱ्या उतरून थांबले. "अगं, मी ड्रायव्हर. घाटात दरड कोसळली की चार-चार तास गाडीत बसून राहायचो. मला करमणूक लागत नाही, शू-चिन. मला नुसतं बसता येतं. एकदा विचारायचंस."

"विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं."

यी-जू मध्ये पडली. "तुम्ही दोघं उद्या भांडा. मला भूक लागलीये, आणि रात्री परत पाळी आहे."

स्टेशनजवळ तिघांनी टर्कीभात खाल्ला. काकांनी आपल्या वाटीतलं लोणचं नेहमीप्रमाणे यी-जूच्या वाटीत टाकलं. मग फोन काढून शू-चिनपुढे धरला. "तो कॅट मला पाठव. ताओयुआनला तोच खेळणार."

"काका, त्यात जिंकायचं एकही पान नाही."

"निरोपे काढ. मग बघ."

तिने तिथेच दोन निरोपे काढले, दोन तटबंद्या परत घातल्या आणि कॅट पाठवला. काकांनी तो उघडून वरपासून खालपर्यंत बघितला.

"उद्या सराव?" त्यांनी विचारलं.

"आता कशाचा सराव, काका?" यी-जू म्हणाली. "स्पर्धा संपली."

"स्पर्धा संपली. महिना कुठे संपलाय?"

उद्या सोमवार. दर सोमवारी सकाळी दहा ते दुपारी दोन 'नऊ वेशी' देखभालीसाठी बंद असतो. तिघांच्या सरावाची वेळ तीनची आहे, तोवर खेळ उघडलेला असतो.