चौकोनात न मावलेलं

यांच्या किडन्या कामातून गेल्या तेव्हा डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. किती प्यायले, किती लघवी झाली, रोज लिहायचं. मुलगी बंगलोरला नोकरीला. तिने माझ्या मोबाईलवर एक तक्ता करून दिला. मी इथे हाटकेश भागातल्या आमच्या घरात आकडा टाकला की तिला तिथे दिसायचा. वजाबाकी आणि आठवड्याची बेरीज तक्ता आपली आपण करायचा.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी लिहायचे, "अर्धा कप चहा". मग वजाबाकीच्या चौकोनात इंग्रजी अक्षरं यायची, कोपऱ्यात लाल खूण, आणि खालची सगळी बेरीज मोडायची. लगेच फोन.

"आई, नुसता आकडा टाक गं. पुढे मिलिलिटरसुद्धा लिहू नको. एक अक्षर आलं की फॉर्म्युला अडतो."

"बरं."

"आणि पुसताना स्पेस देऊ नको. दिसायला रिकामं दिसतं, पण त्याला ते अक्षरच वाटतं."

हे पलंगावरून हसायचे. "नीट लिही, मास्तरीणबाई छडी मारतील. माझं मूतसुद्धा आता बंगलोरला जातंय."

हळूहळू जमलं. लाल खूण दिसली की मीच एकेक चौकोन बघत वर जायचे. कुठेतरी एखादं अक्षर राहिलेलं असायचं. ते काढून आकडा टाकला की खालची बेरीज एकदम सुधारायची. मी यांना दाखवायचे. "पास झालीस," म्हणायचे.

मग एका सकाळी यांनी चमचाभरसुद्धा पाणी घेतलं नाही. तोंड फिरवलं. "ती कधी येतेय?" एवढंच विचारलं.

मला फोनवर धड बोलता येत नाही. पोरीला कामातून उठवून ये म्हणायचं, जीभच रेटेना. म्हणून तक्त्यात लिहिलं, "पाणी नको म्हणतात. तुझी वाट बघतायत. तू ये."

लाल खूण आली. मी मुद्दाम राहू दिली. थोड्या वेळाने बघितलं तर खूण गेली होती. माझ्या अक्षरांच्या जागी शून्य होतं. तेवढ्यात फोन आला, मागे ऑफिसातली माणसं बोलत होती.

"आई, परत अक्षरं? मी शून्य केलंय. पाणी कमीच द्यायचंय ना, घाबरू नको."

मला वाटलं, तिने सगळं वाचलं आणि पुसलं. म्हणजे तिला येता येत नाही. मी "बरं" म्हटलं. यांना सांगितलं, "येतेय." दार वाजलं की हे डोळे उघडायचे. शेजारीण असायची.

तिसऱ्या दिवशी हे गेले. ती पोचली तेव्हा जिन्यात चपला मावत नव्हत्या.

बारावं झाल्यावर ती म्हणाली, "मला बोलावलं का नाहीस गं?"

"लिहिलं होतं की. तू पुसलंस."

तिला कळेना. तिने लॅपटॉप उघडला. चौकोनात आधी काय होतं ते काढून बघता येतं म्हणे. तिने काढलं. चौकोन अरुंद आणि शेजारी आकडा, त्यामुळे त्या दिवशी मोबाईलवर तिला "पाणी नको" एवढंच दिसलं होतं. पुढचं आत दबून गेलेलं.

तिने स्क्रीनवर एकेका शब्दाखालून बोट फिरवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने शून्य काढलं आणि माझी तिन्ही वाक्यं होती तशी परत लिहिली. खालची बेरीज मोडली.

"चूक दाखवतंय बघ," मी म्हटलं.

"दाखवू दे, आई."