कापसाची भिंत

इंदूबाईच्या घराला दोन खोल्या आणि एक ओसरी. त्यातली मोठी खोली दिवाळीपासून कापसाने अडवली होती. माणसं ओसरीवर आणि चुलीपाशी, कापूस आत. राळेगावकडच्या त्या गावात त्या वर्षी निम्म्या घरांची हीच तऱ्हा होती. भाव पडला म्हणून कापूस घरात आणला, भाव चढेल म्हणून घरातच ठेवला.

"हा पाव्हणा जाते कधी?" इंदूबाई रोज सकाळी विचारायची.

"थांब. अजून चढते," तिचा नवरा उकंडा रोज सांगायचा.

कापसाच्या घरात विस्तव चालत नाही. म्हणून इंदूबाईने चूल मागच्या पडवीत नेली आणि उकंडाच्या विड्या अंगणातल्या निंबाखाली. तीन महिने तो भला माणूस स्वतःच्या घरात विडी न पेटवता राहिला होता. उंबऱ्यात नुसती आगपेटी खडखडली तरी आतून आवाज यायचा, "बाहेर!"

इंदूबाई पन्नाशीची. कापूस वेचायला उभी राहिली की दोन्ही हात असे चालायचे की शेजारच्या ओळीतली बाई बोलायचं सोडून द्यायची. तिचा कुणाच्या सांगण्यावर विश्वास नव्हता. दवंडी झाली, पुढारी बोलून गेला, तरी ती आधी स्वतः जाऊन बघून यायची. अशी बाई हवामानाच्या अंदाजाने कामाला लागली, तेही नातीपायी.

तिची लेक दीपमाला कल्याणला दिलेली. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून पहिलं बाळंतपण तिकडेच झालं. इंदूबाई तिकडे गेली, बारा दिवस राहिली आणि वेचा सुरू झाला तशी परत आली. बारा दिवसांची नात सोडून आली होती, ती आता चार महिन्यांची झाली होती. सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली होती. शनिवार-रविवार धरून जावयाला तीन दिवस सुटी. तिघांनी इकडे यायचं ठरवलं आणि गुरुवारच्या रात्रीच्या गाडीचं रिझर्वेशन झालं होतं.

बुधवारी दुपारी रुपीबाईच्या दुकानातल्या लाल फोनवर जावयाचा फोन आला. जावयाचं नाव संघर्ष. नाव असं, पण माणूस मफलर आणि कानटोपीवाला.

"आई, जय भीम. पेपर वाचलात का?"

"जय भीम, जावईबापू. आमच्याकडं पेपर पुडी बांधूनच येते. काय झालं?"

"विदर्भात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस आणि गारपीट आहे. आणि पाठोपाठ थंडीची लाट. पारा पाच-सहा अंशांवर जाणार म्हणतात. मी काय म्हणतो, बाळ लहान आहे. आपण मेमध्येच…"

"मे महिन्यात इथं माणूस भाजून निघते. तवा तुम्ही म्हणसान, बाळ लहान हाय!"

दुकानात पाच जण होते. पाचही जण हसले. रुपीबाईने तराजू तसाच धरून ठेवला.

"तसं नाही, आई. घराच्या उत्तरेच्या खिडकीची फळी तुटलीय, मी स्वतः पाहिलीय. आणि शेगडीही ठेवता येत नाही."

हे मात्र खरं होतं. कापसाच्या घरात शेगडी कोण ठेवणार?

"घर गरम हाय," इंदूबाई म्हणाली. "तुम्ही या. नाही गरम वाटलं तर दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं खुशाल जा. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"घरात पंधरा अंशांच्या खाली गेलं तर आम्ही परत निघू," संघर्ष म्हणाला. "मी थर्मामीटर आणतो."

फोन ठेवल्यावर रुपीबाई म्हणाली, "काहून खोटं बोलली वो? तुझ्या घरात तर कोंबडीही थरथरते."

"मंग काय सांगू? येऊ नका म्हणू?"

घरी येऊन तिने उकंडाला अंदाज सांगितला. उकंडा निवांत होता. "तुरळक ठिकाणी म्हणजे आपलं गाव नाही. आपण कधी तुरळकात आलो काय? अनुदान घे, नाहीतर गारा घे."

इंदूबाई मोठ्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत छातीइतका कापूस. त्याच्या मधोमध मांजरीने खड्डा करून तीन पिलं दिली होती. तिने पिलांच्या बाजूने कापसात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. बाहेर तिची बोटं गारठून वाकत नव्हती. आत चुलीतल्या राखेसारखी ऊब होती.

मांजरीने कुणाचा अंदाज ऐकला नव्हता, पण जागा बरोबर धरली होती.

गुरुवारी सकाळपासून इंदूबाईने जुनी लुगडी उकळत्या पाण्यात काढली. स्वतःची पाच, शेजारणींकडून मागितलेली आठ. उघड्या कापसाने पोरीच्या अंगाला खाज सुटेल हे तिला माहीत होतं. लुगडी वाळली तशी त्यात कापूस भरून तिने घट्ट गाठोडी बांधली आणि उत्तरेच्या भिंतीला लावून एकावर एक रचली. खिडकी बुजली. मग पश्चिमेकडची भिंत. उरलेला ढीग दाराच्या बाजूला सारला. मधे एका खाटेपुरती जागा झाली.

उकंडा शेतातून आला. "हे काय करून राह्यली?"

"भिंत."

"कापसाची?"

"मंग घरात सोनं हाय काय? असतं तर सोन्याची केली असती."

"अवं, कापूस विकाले ठेवला हाय."

"तीन महिने मी हेच सांगून राह्यली होती. आता रविवारपर्यंत नाव काढू नका."

शुक्रवारी दुपारी तिघं एसटीतून उतरली. दीपमालाच्या कडेवर कापडांचं एक गाठोडं होतं, त्यातून फक्त नाक दिसत होतं. इंदूबाईने ते नाक पाहिलं आणि म्हणाली, "माझ्यावर गेली." दीपमाला म्हणाली, "आई, नाकावरून काय कळते? नाक तर सर्दीनं सुजलं हाय."

संघर्षने आधी थर्मामीटर काढला. औषधाच्या कंपनीने भेट दिलेला, लांब, लाकडी पट्टीचा. तो त्याने ओसरीच्या खुंटीला अडकवला आणि त्याच्याकडे तोंड करून चहा प्याला.

संध्याकाळी पाचला आभाळ काळं झालं. वारा सुटला, रुपीबाईच्या दुकानाचा पत्रा वाजायला लागला आणि बोराएवढ्या गारा पडल्या. दहा मिनिटं. उकंडा अंगणात डोक्यावर घमेलं धरून उभा होता आणि ओरडत होता, "आलो न बे! आलो तुरळकात!" ज्यांचा कापूस अजून शेतात झाडावर होता ते कपाळाला हात लावून ओसरीत बसले होते, म्हणून इंदूबाईने त्याला दंडाला धरून आत ओढलं.

रात्रीच्या जेवणाआधी ओसरीवरचा पारा नऊवर आला. संघर्षने थर्मामीटर उचलला, मोठ्या खोलीत नेला आणि खाटेच्या खुराला टेकवून समोर उकिडवा बसला. सगळे त्याच्यामागे उभे राहिले. पारा चढला. बारा. पंधरा. अठरा. वीसवर थांबला.

"हा बिघडला असेल," संघर्ष म्हणाला.

"मांजरीले विचारा," इंदूबाई म्हणाली.

शनिवारी सकाळी बाहेर सहा होते आणि आत एकोणीस. बाळ आठ वाजले तरी झोपलेलं. संघर्ष स्वतःही मफलर काढून ढिगाला पाठ टेकून पेंगत होता. इंदूबाई पडवीत भाकरी थापत होती आणि जन्मात पहिल्यांदा अंदाजवाल्यांचं बरं चिंतत होती.

तेवढ्यात अंगणात मेटॅडोर थांबली. तिच्यातून नेमसिंग उतरला. हा गावोगाव फिरून घराघरातला कापूस घेणारा व्यापारी.

"उकंडाभाऊ!" त्याने रस्त्यातूनच आवाज दिला. "शेतातला सारा माल भिजला. मले आज कोरडा माल पाहिजे. बोला, तुमचा भाव देतो!"

उकंडा निंबाखाली विडी ओढत होता. त्याने विडी फेकली. तीन महिने बायकोचे, भावाचे, पानठेल्यावरच्या सगळ्यांचे टोमणे खाऊन ज्या घडीची वाट पाहिली, ती घडी अंगणात हॉर्न वाजवत उभी होती.

"पाहिलं?" तो इंदूबाईला म्हणाला. "मी म्हणलं नव्हतं? चढला न!"

"हळू बोला. पोरगी झोपली हाय."

"आत्ता भरतो, नेमसिंग!"

इंदूबाई पिठाच्या हातांनी दारात आडवी उभी राहिली. "भरत नाही."

"अवं, तूच तर म्हणत होती…"

"मी कापूस विका म्हणत होती. ही भिंत हाय. कोणी भिंत विकते काय? भिंत गेली की पारा उतरते. पारा उतरला की जावईबापू एसटीत बसतात. बारा दिवसांची सोडून आली होती मी, हिशेब आहे न तुम्हाले?"

संघर्ष डोळे चोळत आतून आला आणि म्हणाला, "बाबा, आमच्यासाठी नको. आम्ही निघतो दुपारी."

"बसा खाली, जावईबापू," उकंडा आणि इंदूबाई एकदमच म्हणाले. संघर्ष खाली बसला.

नेमसिंगने दारातून डोकावलं. तेरा लुगड्यांची रंगीबेरंगी भिंत, मधे खाट, खाटेवर मूठ वळून झोपलेली पोर आणि पायथ्याशी मांजर. त्याने आयुष्यात हजारो घरांतला कापूस पाहिला होता. असा पाहिला नव्हता.

"उद्या हा भाव राहत नाही, बाई!" तो म्हणाला.

"शू!" दीपमाला म्हणाली.

"उद्या राहत नाही," नेमसिंग कुजबुजला.

इथे त्याची चूक झाली. कापसाचा सौदा म्हणजे आरडाओरडा. माल हातात घेऊन फेकायचा, कवडी हाय, हलका माल हाय म्हणायचं, गाडीत जाऊन बसायचं, पुन्हा उतरायचं. हे कुजबुजत करता येत नाही. त्याने कापूस फेकला तर तो मांजरीच्या अंगावर पडला. गाडी सुरू करायला गेला तर इंदूबाईने चावीवरच हात ठेवला. उकंडा मात्र अंगणात उभा राहून नुसती मान हलवत होता. नाही. नाही. तेवढ्यात बाळाने कूस बदलली आणि सगळे श्वास धरून उभे राहिले. शेवटी नेमसिंग घामाघूम होऊन पुटपुटला, "बरं. उद्या दुपारची एसटी गेली की येतो. आजच्याच भावानं."

उकंडाने मान हलवली. हो.

रविवारी दुपारी एसटी गेली. खिडकीतून ते नाक पुन्हा एकदा दिसलं. थर्मामीटर संघर्षने सासऱ्याला देऊन टाकला होता. थंडी कालच्यापेक्षा कमी होती, आणि पोर गेल्यावर ती कमी व्हावी हे इंदूबाईला अजिबात आवडलं नाही.

नेमसिंगच्या माणसांनी दाराजवळचा ढीग भरला, मग गाठोडी सोडून भिंत उतरवली. तेरा लुगडी परत वेगळी झाली. वजन झालं आणि उकंडा उसळला.

"सहा किलो कमी! दिवाळीले मोजून भिंतीवर कोळशानं लिहिलं हाय. ते पाय!"

"सुकला असंन, भाऊ."

"एवढं तर मी आधीच वजा धरलं हाय! हे सहा त्याच्या उप्पर! काटा खोटा हाय तुझा!"

आता बाळ नव्हतं. दोघांनी दोन दिवसांचं सगळं ओरडून घेतलं. भांडून दमल्यावर उकंडा आत आला. रिकाम्या खोलीत मधोमध उभा राहून त्याने तीन महिन्यांत पहिल्यांदा घरात विडी तोंडात धरली आणि आगपेटी काढली.

"बाहेर!" पडवीतून इंदूबाई ओरडली.

"आता कायले? आता घरात कापूस कुठं हाय?"

उकंडा पडवीच्या दारात गेला. ती पाठमोरी बसली होती. मांडीवर पदर ओढलेला, पदराखालून पांढरं डोकावत होतं आणि शेजारी वाटीत हाताने काढलेली सरकी. जवळच लहान मुलाच्या रजईची खोळ पडली होती, फुलाफुलांची, तीन बाजूंनी शिवलेली.

त्याने काडी पुन्हा पेटीत घातली. बाहेर निंबाखाली जाऊन विडी पेटवली.

"काय करता, भाऊ?" नेमसिंगने विचारलं. "वजन मंजूर का परत लावू?"

"मंजूर," उकंडा म्हणाला. "सुकला असंन."