दारातलं वचन

चौथीत आमच्या गुरुजींनी बोरूने कित्ता गिरवून घेतला, तेवढंच माझं शिक्षण. बोरूचं टोक तिरकं कापायचं आणि हात न उचलता ओढायचं, म्हणजे उभी रेघ जाड येते, वळण बारीक येतं. शाळा सुटली, निपाणीकडचं गाव सुटलं, बोरू मात्र राहिला. महादेवपुऱ्यातल्या फ्लॅटमधला स्वयंपाक उरकून घरी आले की मी पवित्र शास्त्रातलं एखादं वचन जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत बसते. लिहून झालं की गादीखाली ठेवते. ते कुणाला दाखवायचं म्हटलं तर मला कानकोंडं होतं.

मी तापाने पडले होते तेव्हा आमच्या पाळकीणबाई प्रार्थनेला घरी आल्या. मुलीने त्यांना बसायला गादी झटकली आणि कागद बाहेर आले. त्यांनी ते एकेक करून पाहिले. मी डोळे मिटून पडून राहिले. ईस्टरला चर्चच्या दारात रांगोळीने असंच वचन काढा, असं म्हणाल्या. वचनही त्यांनीच निवडलं: कष्ट करून थकलेल्यांना, ओझ्याने वाकलेल्यांना प्रभू जवळ बोलावतो, ते. मी मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही, आणि मनातून मला ते हवंही होतं.

आमची मराठी उपासना कन्नड मंडळीच्या चर्चमध्ये दुपारी असते. सकाळची गर्दी पांगली तशी मी दारात बसले. कागदाची पुंगळी करून तिचं तोंड बोरूसारखं तिरकं कापलं होतं. तिच्यातून निळी रांगोळी सोडली, तर अगदी कित्त्यासारखी अक्षरं उतरू लागली. एवढं मोठं मी कधी लिहिलं नव्हतं. तिथला वॉचमन जवळ येऊन उभा राहिला. "स्वल्प जागा बिडी, अक्का," म्हणाला. थोडी जागा सोडा. मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं. मी सगळ्यांनाच सरी म्हणते. मग दोन्ही बाजूंना जागा मोकळी दिसली म्हणून तिथे द्राक्षवेल काढला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

रांगोळी ओलांडून जायची सवय इथे सगळ्यांनाच आहे. पण ही अक्षरं होती. आमच्या घरी मूर्ती नव्हत्या, तरी पुस्तकाला पाय लागला तर आई ते कपाळाला लावायला सांगायची. सगळ्यांच्याच आयांनी ते सांगितलेलं असणार. पहिलं कुटुंब आलं ते दारात थबकलं. दुसरं त्यांच्या मागे. कुणी पाय टाकेना, आणि उडी मारून जाण्याएवढं ते अरुंद नव्हतं. माझ्या हे आधी कसं लक्षात आलं नाही, कोण जाणे. मी चपलांच्या रॅकमागे उभी होते. कॅब चालवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही. ते म्हणाले, "प्रभू बोलावतोय, पण संडासाकडून या म्हणतोय." सगळे हसले आणि खरोखरच संडासाच्या बाजूने, मागच्या पायऱ्या चढून आत गेले. नव्या साड्या गोळा करून धरत.

मग व्हीलचेअरवरच्या आजी आल्या. पूर्वी नर्स होत्या. मागे पायऱ्या, चढण फक्त पुढच्या दाराला. सून खुर्ची धरून उभी राहिली. पाळकसाहेब अजून यायचे होते. त्यांनी एकदा बघावं, मग पुसू, असं माझ्या मनात आलं, आणि मी रॅकमागून हलले नाही. आजी उन्हात. सुनेने आपली ओढणी त्यांच्या डोक्यावर धरली.

"का थांबलीस?" आजींनी विचारलं.

"वचन लिहिलंय, आत्या. चाक जाईल त्याच्यावरून."

"कुणी लिहिलंय?"

मागून आलेल्या सगळ्यांच्या माना रॅककडे वळल्या.

"मग तिलाच विचार की, मी कुठून जाऊ ते."

मी पुढे झाले. वाकले आणि हाताने मधली अक्षरं पुसू लागले. माझी पाठ तेवढी सगळ्यांना दिसत होती, ब्लाऊजच्या उसवलेल्या शिवणीसकट.

"अजून पूस," आजी म्हणाल्या. "चाक रुंद आहे."

पुसलं तरी चाकाला निळं लागलंच. दारापासून पुढच्या बाकापर्यंत एक रेघ उमटली. गाणी म्हणताना मी त्या रेघेकडेच बघत होते. हात धुवायला उठायचं म्हणजे सगळ्यांसमोरून जायचं, म्हणून ते पदराखाली धरून बसले.

उपासना सुटल्यावर माणसं त्या मोकळ्या जागेतून बाहेर पडली. गर्दीत कडेची अक्षरंही पायांखाली आली. मला वाटलं, आता संपलं. तेवढ्यात आजींनी मला खुणेने बोलावलं.

"मला वाचायला दिसत नाही गं आता. काय लिहिलं होतंस?"

मी वाकून त्यांच्या कानाशी वचन म्हणू लागले.

"मोठ्याने म्हण."

चपला घालणारी माणसं थांबली. कॅबवाले गृहस्थही मागे वळले. मी मान खाली घालून, स्वतःच्या निळ्या हातांकडे बघत, शेवटपर्यंत म्हटलं. आवाज मध्येच चिरकला.

आजी म्हणाल्या, "हं. आता लोट मला."

सून बाजूला झाली. मी खुर्ची लोटू लागले. पुढे, पुसलेल्या जागेच्या कडेलाच, दोन-तीन अक्षरं अजून शाबूत होती. त्यांना चाक लागू नये म्हणून मी खुर्ची जरा वळवून घेतली, आणि आजींनी ते ओळखलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "सरळ ने गं, सरळ."

मी सरळ नेली.