अण्णांचा नॉर्मल रिपोर्ट

"कम्प्लीट हार्ट ब्लॉक आहे. पेसमेकर बसवावा लागेल," लातूरचे डॉक्टर म्हणाले आणि मला चक्क हायसं वाटलं. तीन महिने 'नॉर्मल, नॉर्मल' ऐकून डोकं पिकलं होतं. हार्ट ब्लॉक म्हणजे नळी चोंदणं नव्हे. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला विजेचा इशारा खाली पोचत नाही, ठोके मंदावतात आणि माणूस पडतो.

माझे वडील, अण्णा, औशात कूलर बनवतात. पत्रा उचलताना दोनदा कोसळले. दुसऱ्यांदा डोकं चालू कटरपासून वीतभर लांब होतं. मी तेव्हा नांदेडला एम.एस्सी. फिजिक्सला. प्रॅक्टिकल सोडून धावत आले.

ईसीजी नॉर्मल. इको नॉर्मल. कुणी पित्त म्हणालं, काकूनं तर मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग होल्टर लावलं, म्हणजे छातीला वायरी चिकटवून चोवीस तास ठोके नोंदवणारं डबडं.

आता खरं सांगते, आजही स्वतःचाच संताप येतो. घरी आल्यावर अण्णांना मीच झोपवून ठेवलं. लॅबमध्ये रीडिंग चालू असताना टेबलाला हात लावायचा नाही, ही आमची सवय! आईला आयतंच निमित्त मिळालं, तिनं त्यांना तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. "धडधाकट माणसाला आजारी पाडून राहिले हे," अण्णा कुरकुरले. रिपोर्ट नॉर्मल आला. येणारच की.

दुसऱ्यांदा होल्टर लावताना दवाखान्यातल्या टेक्निशियन ताईंनी विचारलं, "चक्कर काय करताना येते?" मी सांगितलं. "मग झोपवता कशाला? डॉक्टरांना विचारते. ते हो म्हणाले तर तेच काम करू द्या, पण जवळ थांबा."

डॉक्टर हो म्हणाले. अण्णांनी पत्रा उचलला, डोळे फिरले, मी आणि भावानं धरलं. घामानं दोन वायरी सुटल्या होत्या, उरलेल्यांनी ठोके मंदावल्याची नोंद पकडली.

पेसमेकर बसला. वेल्डिंगच्या विजेनं पेसमेकर बिघडू शकतो, म्हणून अण्णांचं वेल्डिंग बंद झालं, त्यावरून घरात रोज कटकट. मी फिजिक्सनंतर बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या संशोधनात आले. डॉक्टर होणार का, असं नातेवाईक विचारतात. नाही हो, होल्टरची वायर छातीला चिकटवणारी, घामातही न सुटणारी चकती करून राहिले, हे सांगून तोंड दुखलं.

तुमच्या माणसाला होल्टर लागलं, तर त्याला काय काय करू द्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. आपलं डोकं चालवू नका.

त्या ताईंचं नावसुद्धा मी विचारलं नाही. इतकं शिकून मला जे सुचलं नाही, ते त्यांनी विचारलं, म्हणून आज माझ्याशी भांडायला अण्णा आहेत.