सत्तेचाळीस नंबरची हजेरी

जन्माला न आलेल्या मुलांची हजेरी घेणारा मास्तर या पृथ्वीवर एकच होऊन गेला, तो आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात होता, आणि त्याला वेडा ठरवण्यात माझा हात होता. यातलं पहिलं ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या हाताचं आज पहिल्यांदाच सांगतोय. बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला सरांनी भांडून एक नवा पेपर सुरू करून घेतला होता. वर्गाच्या दारावर ते स्वतः खडूनं लिहीत, 'बदलतं हवामान: विज्ञान, धोरण, नीती'. त्याखाली कुणीतरी हमखास लिहून जायचं, 'छत्री आणावी.' सर ते कधी पुसत नसत. "सूचना रास्त आहे," म्हणायचे. शंभर वर्षांनंतरच्या गोष्टी ते काल घडल्यासारख्या सांगत. तळमजल्यावर तास घ्यायचे नाहीत, कारण "तिथे पाणी आहे." फाटकातून आत शिरताना पँट दुमडून घ्यायचे आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर पोचले की खाली सोडायचे. शिपाई रोज विचारायचा, "सर, आज किती हाय पाणी?" आणि सर पोटरीकडे बघून अगदी मापात उत्तर द्यायचे. आम्ही पोट धरून हसायचो. हसून झालं की मात्र प्रत्येकजण आपापल्या चपला एकदा बघून घ्यायचा.

एकदा ऐन मे महिन्यात, जादा तासाला, ते तीन गोधड्या घेऊन आले. मला पुढे बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि एकेक गोधडी अंगावर चढवत गेले. कोळसा, पेट्रोल, जंगलतोड असं प्रत्येक गोधडीचं नाव सांगून झालं. मी आत शिजत होतो.

"गोधड्या कोणी घातल्या?"

"सर, तुम्ही."

"घाम कोणाला आला?"

"मला!"

"तुला विचारलं होतं?"

"नाही ना, सर!"

"झाली नीती. धोरण म्हणजे आता यातली कुठली काढायची आणि कोणी. बाकीचं पुस्तकात आहे, वाचा." एवढं बोलून ते निघून गेले. मला गोधड्यांतून बाहेर काढलं हर्षदानं. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली ही एकटी मुलगी सरांचं बोलणं न हसता ऐकायची.

आमच्या वर्गात शेहेचाळीस मुलं. सरांनी हजेरीपटात त्याखाली स्वतःच्या हातानं आणखी पाच नंबर घातले होते, नावांशिवाय. "ही पुढची मुलं. आपण इथे जे ठरवतो ते त्यांना भोगायचंय, तेव्हा निदान पुकारा तरी व्हायला हवा." त्यांच्यासाठी शेवटचा बाक मोकळा ठेवलेला. आमची हजेरी संपली की सर चष्मा काढून त्या बाकाकडे बघत विचारायचे, "सत्तेचाळीस?" आणि खरोखर वाट बघायचे. मानपाड्याकडच्या कारखान्यांचा आंबूस वास खिडकीतून आत येऊन बसायचा. मग सर मान हलवून खूण करायचे. "गैरहजर. कारण, जन्म व्हायचाय." पुढचा नंबर.

प्रॉक्सी देण्यात माझा हात कॉलेजात कुणी धरू शकत नव्हतं. तीन मित्रांची हजेरी तीन आवाजांत लावायचो. एका दुपारी लाइट गेलेली, पंखे बंद, वर्ग पेंगत होता. सरांनी पुकारलं, "सत्तेचाळीस?" मी रिकाम्या बाकाच्या पुढेच बसायचो. तोंडावर वही धरली आणि लहान पोराच्या आवाजात म्हटलं, "हजर, सर!"

वर्गात हशा फुटला. सर हसले नाहीत. हळूच म्हणाले, "आलास? बस हं, बाळ." आणि हजेरी मांडली. मग म्हणाले, "अठ्ठेचाळीस?"

"हजर."

माझं तोंड बंद होतं. आवाज माझ्या मागून आला, रिकाम्या बाकावरून. बारीक, घसा कोरडा पडलेल्या पोराचा. हसू तिथेच विझलं. मी मागे वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं. सरांनी तीही हजेरी मांडली, तितक्याच शांतपणे.

आठवड्याभरात तो हजेरीपट प्राचार्यांच्या टेबलावर गेला. नसलेल्या मुलांची हजेरी! सरांचं उत्तर एका ओळीचं होतं, "उत्तर आलं म्हणून मांडली." सरांसमोरच आम्हा मुलांना बोलावलं. हर्षदा म्हणाली, "आवाज दोन आलेले, सर. मी ऐकलेत." प्राचार्य म्हणाले, "मग दिले कोणी?" मी चपलांकडे बघत राहिलो. पहिला कबूल केला असता तर दुसराही माझ्याच माथी आला असता, आणि तो माझा नाही हे मी कशावरून सांगणार होतो? शिवाय परीक्षा तोंडावर आलेली. बाहेर हर्षदानं मला गाठलं. "एक तुझा व्हता, मना म्हाईत हाय. तेवढा तरी बोल ना रे. माझ्या बापाला खाडीचं कोन विचारीत नाय, एक सरच विचारतान."

मी बोललो नाही. सरांना 'विश्रांती' देण्यात आली, पेपर बंद झाला, आणि परतल्यावर त्यांना पहिल्या वर्षाला नकाशे रंगवायला बसवलं. स्टाफरूममध्ये लोक कपाळाला बोट लावून त्यांच्याविषयी बोलायचे.

दहाएक वर्षांनी शीळफाट्याच्या बसथांब्यावर ते भेटले. पँट दुमडलेली. मी कल्याणला शिकवतो हे ऐकून फार आनंदले. मग विचारलं, "तुझा नंबर किती होता रे?"

"एकोणीस, सर."

"आवाज बराच बदलला की तुझा!" मिस्कील हसले. पण लगेच खाली बघत म्हणाले, "तुझं ठीक आहे. त्या दुसऱ्याला मात्र तहान लागली होती." तेवढ्यात बस आली, आणि मी चढलो. मी नेहमी चढतोच.

सर गेल्याचं पुढे कळलं. मीही माझ्या हजेरीपटात शेवटी पाच ओळी कोऱ्या सोडतो. नंबर पुकारायचं धाडस अजून झालेलं नाही.

सत्तेचाळीसची हजेरी मी दिली होती. अठ्ठेचाळीसची मी दिली नव्हती. ही दोन वाक्यं प्राचार्यांसमोर, सरांच्या देखत बोलायला हवी होती. तेवढं देणं अजून राहिलंय.