मागच्या दाराची दुसरी किल्ली

बाळांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरलीने मला विचारलं, "आजी, प्रेसिडेंट कोर्टाला 'सांगत नाही जा' म्हणू शकतो का?" तिला शाळेत 'एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज'वर निबंध लिहायचा आहे. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे शब्दाचा अर्थ लगेच सांगितला. एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज म्हणजे तुमच्या तिकडच्या राष्ट्राध्यक्षाने आपल्या सल्लागारांशी केलेलं बोलणं उघड न करण्याचा हक्क. तेवढ्यात धाकटा मध्येच म्हणाला, "मग तो काहीही लपवेल की!" आणि मी गप्प झाले. तुम्हाला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क ठीक होतं. गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून हेच केलं होतं, आणि ते बरोबर होतं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. निबंध द्यायच्या आधी ते तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून आत्ता लिहिते आहे. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या.

रिसोडला आपल्या घरामागच्या विहाराला लागून एक हॉल आहे, तो तुम्ही पाहिला आहे. आमचं महिला मंडळ तिथे अभ्यासिका चालवतं. सकाळ-संध्याकाळ मुलंमुली अभ्यासाला येतात, दुपारी कुलूप असतं. आमच्या बैठकीला सगळ्या सतरंजीवर बसतात. माझे गुडघे वाकत नाहीत म्हणून एक खुर्ची आणली गेली. नवीन अध्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा सचिव म्हणाली, "मॅडम तं अगुदरच खुर्चीवर बसून राह्यल्या. आता दुसरी कायले शोधता?" सगळ्या हसल्या आणि मी अध्यक्ष झाले. थोरली मला सांगत होती की हा हक्क खुर्चीचा असतो, बसणाऱ्याचा नसतो. माझी खुर्ची तर गुडघ्यांसाठी आणलेली होती. तिला कसला हक्क, हे मला सांगता येत नाही.

आपली शेजारीण तुम्हाला आठवते, तुम्हाला ज्वारीच्या पापड्या देणारी. मंडळात सगळ्या तिला मावशी म्हणतात. तिच्या थोरल्या सुनेला परीक्षा देऊन पुण्यात नोकरी लागली आणि पाठोपाठ थोरला मुलगाही तिकडे गेला. धाकट्या मुलाच्या लग्नाच्या वेळीच मावशीने ठरवलं होतं, या सुनेने परीक्षांच्या नादी लागायचं नाही. ही धाकटी सून एका दुपारी माझ्याकडे आली. सरकारी भरतीची परीक्षा दीड महिन्यावर होती आणि घरी पुस्तक उघडायची सोय नव्हती. नवऱ्याला माहीत होतं, पण आईपुढे त्याचं तोंड उघडत नसे. मी तिला हॉलच्या मागच्या दाराची दुसरी किल्ली दिली. घरी तिने सांगितलं, शिलाईच्या क्लासला जाते.

पुढच्या बैठकीत सचिवच बोलली. तिची पिठाची गिरणी आहे, गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय झाल्यामुळे तिची कुजबुजही गल्लीभर ऐकू जाते.

"हॉलले भाईरून कुलूप, अन् आत पंखा फिरून राह्यला. म्या सोता पाह्यलं."

"भूत असन," कोणीतरी म्हणालं.

"भुताले पंखा कायले लागते?"

हसणं थांबल्यावर मी म्हणाले, "किल्ली मी दिली आहे."

"कोनाले?"

"ते मी सांगणार नाही."

सगळ्यात मोठा आवाज मावशीचाच लागला. "काहून नाही सांगनार? हॉल काय तुमी माहेरून आनला? अध्यक्ष झाल्या म्हनून आमी काय तुमच्या वर्गातल्या पोरी झालो?"

तिच्याकडे बघायचं टाळून मी म्हणाले, "कोणी विश्वासाने माझ्याशी बोललं आणि मी ते इथे सगळ्यांसमोर ओतलं, तर उद्या माझ्याकडे कोण येईल?"

हे सगळ्यांना पटलं असं मला वाटलं. मग सचिव म्हणाली, "अन् उद्या दुसरी अध्यक्ष आली, तिनं आपल्या भावाले सोयाबीन ठेवाले हॉल देला, अन् 'विश्वासाची गोष्ट हाय, सांगत नाही' म्हनलं, तं?"

 

तिच्या या प्रश्नासाठी आपल्या घरातलं घटनेचं पुस्तक मी परवा पुन्हा काढून पाहिलं. मंत्र्यांनी राष्ट्रपतींना काय सल्ला दिला याची चौकशी कोर्टाला करता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे इकडेही काहीतरी झाकून ठेवलेलं आहेच. पण इकडचे राष्ट्रपती मंत्र्यांच्या सल्ल्याने चालतात, तिकडचा राष्ट्राध्यक्ष स्वतः ठरवतो, आणि आमच्या मंडळाची अध्यक्ष तिसरीच. इंग्रजीत तिघांनाही प्रेसिडेंटच. यातली मी कोणासारखी वागले, ते पुस्तकात सापडलं नाही.

बैठकीत शेवटी असं ठरलं की सगळ्यांना कळायची गरज नाही. एकीला सांगायचं, आणि गोष्ट योग्य आहे की नाही ते तिने सांगायचं. मला हे न्यायाचं वाटलं. तिकडे न्यायाधीश बंद खोलीत कागद पाहतात असं थोरली म्हणाली, तेव्हा मला हेच आठवलं. मी लगेच होकार दिला.

"मंग मावशीलेच सांगा," सचिव म्हणाली. "तिच्या पोटातली गोष्ट कोनी काढू शकत नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. 'मावशी सोडून कोणीही' असं मी म्हटलं असतं, तर त्याच क्षणी सगळ्यांना सगळं कळलं असतं. मी खुर्चीतून उठले. मावशीने माझा कोपर धरून मला ओट्यावर नेलं. तिथे सगळ्यांच्या चपला पडल्या होत्या.

"सांगा," ती म्हणाली.

नाव सांगितलं तर सुनेची परीक्षा गेली. खोटं नाव सांगितलं तर मी बैठकीला फसवलं. मी म्हणाले, "बाकी कोणालाही सांगता येईल. तुम्हाला नाही."

 तिने पायाने एक चप्पल सरळ केली.

"मॅडम, थे जे कोनी हाय, थे तिथं शिलाई तं नाही शिकून राह्यली?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं."

आत जाऊन ती म्हणाली, "मले समजलं. गोष्ट बरोबर हाय. किल्ली राहू द्या." कोणी पुढे काही विचारलं नाही.

मी सांगितलं की नाही सांगितलं? नाव माझ्या तोंडून गेलं नव्हतं. पण एका 'नाही'ने सगळं गेलं असावं. की मावशीला आधीपासून माहीत होतं, आणि बैठकीत तिचा आवाज म्हणूनच सगळ्यात मोठा होता? मी त्या सुनेला यातलं काहीच सांगितलं नाही. घरी तिला कोणी अडवलं नाही आणि ती दुपारी येत राहिली.

परीक्षेचं केंद्र अकोल्याला होतं. सुनेने घरी सांगितलं, मानोऱ्याला माहेरी जाते. त्या दिवशी मावशी काही काम नसताना माझ्याकडे येऊन बसली. मी चहा दिला, तो तिने तसाच निवू दिला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, "अकोल्याची गाडी सांजच्याले कवा येते हो?"

"कोणी येतंय का?"

"नाही. असंच इचारलं."

मानोऱ्याहून येणाऱ्याला अकोल्याची गाडी लागत नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. न सांगण्याचा हक्क आता तिच्याकडे होता, आणि मला तो मोडायचा नव्हता.

त्या परीक्षेत सून थोडक्या गुणांनी राहिली. पुढच्या परीक्षेचा अर्ज तिने भरला आहे. घरी अजून शिलाईचंच नाव आहे, आणि मावशीने तिच्याकडे एकदाही शिवलेलं फडकं मागितलेलं नाही.

थोरले, तुझ्या निबंधात माझा उपयोग करू नकोस. तुझ्या बाईंनी मला प्रश्न विचारले तर मला उत्तरं देता येणार नाहीत. धाकट्या, तू म्हणालास ते खरं आहे, आणि मी केलं तेही मला खोटं वाटत नाही. दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते तुम्हाला कळलं तर मला फोन करा.

आता मंडळात नियम आहे की अध्यक्षाने किल्ली कोणाला दिली ते आणखी एका बाईला माहीत असलं पाहिजे. ती बाई अजून मावशीच आहे. माझी खुर्ची जागेवर आहे. मागच्या दाराची दुसरी किल्ली सुनेकडे आहे, आणि दुपारी हॉलमधला पंखा फिरतो.